एका घराण्याची साक्ष

चंडीगढच्या सेक्टर ४३ मध्ये जिल्हा न्यायालय आहे आणि आंतरराज्य बसस्थानकही आहे. एका ठिकाणी साक्षीपुराव्याचे वजन होते, दुसऱ्या ठिकाणी हमालाच्या पाठीवरील बोज्याचे. श्रोतेहो, आज मी स्नायूंविषयी बोलणार आहे. परंतु त्या कथेतही एक साक्ष आहे.

बोजा उचलताना हमालाच्या दंडात काय घडते? या प्रश्नाचा पहिला धागा लंडनमध्ये सापडला, तोही एका चुकीमुळे. १८८२ च्या सुमारास सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे स्पंदन अभ्यासत होते. ते द्रावण नळाच्या पाण्याचे होते, हे त्यांना मागाहून कळले. शुद्ध केलेले पाणी वापरताच हृदयाची गती मंदावून थांबली. कॅल्शियमचा अंश मिसळताच ते पुन्हा स्पंदू लागले. हाडांचा चुना म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच स्नायूंना हालचालीचा हुकूम देतो, हे पुढे टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात उलगडून दाखविले.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत कॅल्शियमची कोठारे असतात. मज्जातंतूचा संदेश येताच कोठाराची दारे उघडतात, कॅल्शियम बाहेर धावते आणि स्नायू आखडतो. मग ते पुन्हा आत उपसले जाते आणि स्नायू सैल पडतो. त्रिनिदादमधील एका झुडपातून मिळालेल्या रायनोडिन या विषामुळे ही दारे शास्त्रज्ञांना ओळखता आली. म्हणून त्यांना त्याच विषाचे नाव मिळाले.

परंतु दार उघडले आणि मिटलेच नाही तर?

१९६० साली मेलबर्नच्या एका रुग्णालयात पाय मोडलेला एकवीस वर्षांचा तरुण आला. त्याला शस्त्रक्रियेपेक्षा भुलेचे भय अधिक वाटत होते. कारण त्याचे दहा नातलग भुलेच्या वेळी दगावले होते. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन हे नवे औषध दिले. थोड्याच वेळात त्याचे अंग तापले, नाडी धावू लागली, रक्तदाब उतरला. भूल तत्काळ थांबवून त्याला बर्फाने थंड करण्यात आले आणि तो वाचला. मायकेल डेनबरो आणि रिचर्ड लोव्हेल यांनी ही हकीकत त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे कारण उमगले. या घराण्यांत कॅल्शियमच्या दाराची घडण जन्मतःच सदोष असते आणि काही भुलेच्या औषधांनी ते उघडेच राहते. सगळे स्नायू एकाच वेळी राबू लागतात. अंगाची भट्टी होते. १९७५ मध्ये गेसफर्ड हॅरिसन यांनी डँट्रोलीन हे औषध डुकरांवर गुणकारी असल्याचे दाखविले. पूर्वी या विकाराने बहुतेक रुग्ण दगावत. औषध वेळेवर मिळाल्यास आता बहुतेक वाचतात. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

आम्हा सरकारी नोकरांना कागदाशिवाय काही खरे वाटत नाही. त्या तरुणापाशी तरी काय होते? घरातील मृत्यूंची नुसती तोंडी गणती. ती ऐकणाऱ्याने खोडून काढली नाही, एवढ्यावरच हे सारे शास्त्र उभे राहिले.

आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या वेळी घरात कोणी दगावले असेल, तर ‘नशीब’ म्हणून तो विषय मिटविण्याची रीत आहे. श्रोतेहो, तो विषय मिटवू नका. भूल घेण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला आजोबांचे, आत्याचे, चुलत भावाचे सर्व काही सांगा. विचारले नाही तरीही सांगा. ती साक्ष एखाद्या नातवाचा जीव वाचवील.