परत न जायच्या घरासाठी वर्गणी

नातीचा फोन रविवारी सकाळी येतो. तिकडे अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते. गेल्या महिन्यात ती जरा वैतागलेली वाटली. कॉलेजात असताना ती ज्या सोरॉरिटीत होती त्यांचं पत्र आलं होतं. जुनं चॅप्टर हाऊस पाडून नवं बांधायचं आहे, माजी विद्यार्थिनींनी सढळ हाताने मदत करावी, वगैरे. "आजी, मी तिथे दोनच वर्षं राहिले. आता काही परत जाणार नाही. मग मी कशाला पैसे द्यायचे?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. (शिक्षकी पेशातली जुनी सवय. उत्तर येत नसलं की 'उद्या सांगते' म्हणायचं आणि घरी जाऊन वाचायचं!) तर त्या निमित्ताने थोडं वाचलं, थोडं आधीचं आठवलं, ते इथे लिहिते आहे.

आपल्याकडे सोरॉरिटी हा प्रकार नाही, म्हणून दोन शब्द. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कॉलेजं मुलींना दाखल करून घेऊ लागली, पण वर्गात मुली मूठभर. मुलांच्या 'फ्रॅटर्निटी' नावाच्या मंडळ्या होत्या, त्यात मुलींना जागा नव्हती. तेव्हा मुलींनी आपापल्या मंडळ्या काढल्या. १८६७ मध्ये इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात एक निघाली, १८७० मध्ये इंडियानात दुसरी, १८७२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात दहा मुलींनी 'अल्फा फाय' काढली. सोरॉरिटी हा शब्दही सिरॅक्यूजचाच. १८८२ मध्ये तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो सुचवला. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण.

नुसती मंडळी काढून भागेना. बसायचं कुठे, राहायचं कुठे? १८८६ मध्ये अल्फा फायच्या मुलींनी सिरॅक्यूजला स्वतःचं घर बांधलं. स्वतःचं घर बांधणारी ही पहिली सोरॉरिटी असं मानतात. ज्या काळात लग्न झालेल्या बाईच्या नावावर घर असणं हीच अपूर्वाईची गोष्ट, त्या काळात विशीतल्या मुली वीट-चुन्याचा हिशेब करत होत्या! या अल्फा फायच्या सभासदांत फ्रान्सिस विलर्ड होत्या, दारूबंदीच्या चळवळीतल्या मोठ्या पुढारी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या बहिणी सगळ्यांच्या बहिणी नव्हत्या, हेही सांगायला हवं. काळ्या मुलींना, ज्यू मुलींना या घरांची दारं कितीतरी वर्षं बंद होती. म्हणून तर १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात काळ्या विद्यार्थिनींनी 'अल्फा कॅपा अल्फा' ही स्वतःची सोरॉरिटी काढली. ज्यांना बाहेर ठेवलं गेलं त्यांनी आपलं घर बांधलं आणि पुन्हा कुणाला तरी बाहेर ठेवलं, हे आपल्याला काही नवं नाही.

असो. नातीच्या प्रश्नाशी मला सर्वांत जवळची वाटली ती मात्र सोरॉरिटीची गोष्ट नव्हे, एका अख्ख्या कॉलेजची आहे. बॉस्टनजवळ वेलस्ली नावाचं मुलींचं कॉलेज आहे. १८७५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा जे काही होतं ते एकाच छपराखाली. कॉलेज हॉल ही तळ्याकाठच्या टेकडीवरची पाच मजली अजस्र इमारत. वर्ग तिथेच, प्रयोगशाळा तिथेच, मुलींच्या आणि बाईंच्या खोल्याही तिथेच. पुढे आवारात इतर इमारती झाल्या, पण जुन्या विद्यार्थिनींच्या मनात कॉलेज म्हणजे कॉलेज हॉल.

१७ मार्च १९१४, मंगळवार. पहाटे साडेचारच्या सुमाराला वरच्या मजल्यावर धुराने काहीजणींना जाग आली. कुणीतरी घंटा वाजवली. दोनशेच्या वर माणसं आत झोपलेली. मुलींना आगीच्या कवायतीची सवय होती. त्या झोपायच्या कपड्यांतच खाली आल्या, मधल्या चौकात रांगेत उभ्या राहिल्या आणि हजेरी झाली. वर आग पेटलेली आणि खाली एकेक नाव पुकारलं जातंय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीची सगळी वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली मी. 'हजर बाई' हे शब्द कानावर पडायचे आणि पेन आपोआप चालायचं. या दोन शब्दांना एवढा अर्थ असू शकतो हे कधी मनातही आलं नाही. दहा मिनिटांच्या आत इमारत रिकामी झाली. एकही जीव गेला नाही.

बाकी सगळं गेलं. काही चित्रं, काही पुस्तकं मुलींनी रांग करून हातोहात बाहेर काढली तेवढीच. चार तासांत भिंती उरल्या. प्राणिशास्त्राचे जमवलेले नमुने गेले, प्राध्यापिकांची वर्षानुवर्षांची टिपणं आणि हस्तलिखितं गेली. ज्यांनी आयुष्यभर हाताने लिहून काढलं आहे त्यांना हे काय असतं ते सांगायला नको.

कॉलेजच्या अध्यक्ष तेव्हा एलन फिट्झ पेंडलटन होत्या. गणिताच्या बाई, आणि याच कॉलेजच्या १८८६ च्या पदवीधर. माजी विद्यार्थिनी अध्यक्ष झाल्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी त्याच सकाळी प्रार्थनामंदिरात सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, सुट्टी आजपासून सुरू, कॉलेज ७ एप्रिलला उघडेल. राख अजून गरम होती आणि बाईंनी तारीख दिली! कॉलेज ७ एप्रिललाच उघडलं. तीन आठवड्यांत लाकडाची एक तात्पुरती इमारत उभी राहिली. मुलींनी तिचं नाव ठेवलं 'कोंबड्यांचं खुराडं'. मुली इथूनतिथून सारख्याच. हे खुराडं पुढे कितीतरी वर्षं वापरात राहिलं. आपल्या शाळांतली पत्र्याची शेड आठवली ना?

आता पैशाचं. पुनर्बांधणी आणि कायमचा निधी मिळून उद्दिष्ट ठरलं २० लाख डॉलरचं. रॉकफेलर फाउंडेशनने साडेसात लाख द्यायचं कबूल केलं, पण अट घातली. १ जानेवारी १९१५ च्या आत पूर्ण २० लाखांची जुळणी झाली तरच. म्हणजे साधारण नऊ महिने. एक लाख कमी पडलं तर साडेसात लाखांवर पाणी. मोठ्या देणगीदारांची ही रीत मला एकेकाळी उद्धट वाटायची. शाळेच्या इमारतनिधीचं काम केलं तेव्हा तिचा उपयोग कळला. मुदत नसली की लोक 'देऊ की' म्हणतात आणि ते 'देऊ की' वर्षानुवर्षं तसंच राहतं.

माजी विद्यार्थिनी गावोगाव पसरलेल्या, त्यातल्या पुष्कळजणी शिक्षिका. शिक्षिकेचा पगार तेव्हाही काय तो असणार. ज्यांना पदवी घेऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती अशा बायकांनी पुन्हा पैसे काढले, दुसऱ्यांकडे मागितले. मागणं हे देण्यापेक्षा अवघड. पहिल्यांदा पावतीपुस्तक घेऊन ओळखीच्या दाराशी उभी राहिले तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. १९१४ साल संपायच्या आत त्यांचा आकडा पुरा झाला. मध्ये ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटलं होतं, तरीही.

आणि बांधलं काय? कॉलेज हॉल नव्हे. सगळं एका छपराखाली ठेवायचं नाही हे आगीने शिकवलं होतं. त्या टेकडीवर १९१५ मध्ये टॉवर कोर्ट हे वसतिगृह उभं राहिलं आणि वर्ग, प्रयोगशाळा यांच्या इमारती पुढे वेगवेगळ्या झाल्या. ज्या घरासाठी या बायका रडल्या, ज्याच्या नावाने त्यांनी पैसे दिले, ते घर त्यांना परत मिळालंच नाही. त्याचे काही खांब तेवढे आठवण म्हणून आवारात ठेवले आहेत. मला आधी हे खटकलं. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे ना आजी, राहणार नव्या मुली होत्या." प्रश्न तिचा आणि उत्तरही तिचंच!

मग मला आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण झाली. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच राहून विधवांच्या शाळेसाठी व्याख्यानं देत हिंडल्या. म्हणजे सिरॅक्यूजच्या मुलींनी घर बांधलं तेच साल. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या उपाध्यक्षांत होत्या त्याच फ्रान्सिस विलर्ड. गावोगाव 'रमाबाई मंडळं' निघाली, कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलींनीही एक काढलं. वर्गणी सभासदाला वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. या मुलींपैकी बहुतेकींनी हिंदुस्थान कधी पाहिला नसणार. घर बांधलं जायचं ते ज्यांची नावंही त्यांना उच्चारता आली नसती अशा बाळविधवांसाठी.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन उघडलं. तिथे आलेल्या पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाली. हिंगण्याच्या आश्रमासाठी मग बाया स्वतः वर्गणी मागत हिंडल्या. त्या एकेका डॉलरवर त्या शिकल्या होत्या. त्यांनी दारोदार जाऊन काय मागितलं असेल, कुणी काय सुनावलं असेल, ते आपण अंदाजानेच जाणायचं.

हे सगळं मी नातीला फोनवर सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "आजी, तेव्हाचा एक डॉलर म्हणजे आताचे किती गं?" मी म्हटलं, ते तू काढ, इंजिनियर तू आहेस. काल तिचा निरोप आला, पैसे पाठवलेत म्हणून. किती, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.