नल्लकुंटा ते पवई, डिसेंबर २००९

पंखा बंद आहे आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, म्हणजे हैदराबादेत डिसेंबर लागला. साल २००९. तुमचं वय वीस. घर नल्लकुंट्यात, शंकर मठापासून चार मिनिटं चालत. तुमची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीखालून भाजीबाजाराचा गलका येतो. भाव तेलुगूत सांगितला जातो, घासाघीस दखनीत होते आणि पिशवी घेऊन घरी आल्यावर कोथिंबिरीबद्दलची तक्रार मराठीत. नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळं तळं. ते तळं तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

एक अट आहे. पुढचं तुम्हाला जे ठाऊक आहे, ते इथे कुणालाही सांगायचं नाही. गल्लीतल्या कुणाला विचारलंत तर तो सांगेल की तेलंगण आता झालंच. के. चंद्रशेखर राव यांचं उपोषण अकरा दिवस चाललं, ९ डिसेंबरच्या रात्री दिल्लीहून गृहमंत्र्यांनी वेगळ्या राज्याची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली, आणि उस्मानिया विद्यापीठात मुलं रात्रभर नाचली. पण आता आंध्र आणि रायलसीमेतले आमदार राजीनामे देताहेत आणि पुन्हा सगळं अधांतरी झालंय. विद्यापीठ इथून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या काही दिवसांत विद्यानगरकडून वारा आला की डोळे चुरचुरायचे. परीक्षा पुढे गेल्यात. अशा दिवसांत तुम्ही मुंबईला निघालात, एका इंग्रज माणसाचं गाणं ऐकायला.

त्या माणसाचं नाव स्टीव्हन विल्सन. पॉर्क्युपाइन ट्री हा त्याचा बँड. १९८७ मध्ये त्याने तो जवळजवळ गंमत म्हणून सुरू केला, खोटा इतिहास आणि खोटी नावं रचून, घरच्या खोलीत एकट्याने ध्वनिमुद्रण करत. श्रोते मिळत गेले तसा खरा बँड उभा राहिला.

तुम्हाला तो कसा भेटला तेही आठवून घ्या. सायबर कॅफेत, एका मित्राच्या पेन ड्राइव्हमधून. ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’, २००७ चा अल्बम, सहा गाणी, पन्नास मिनिटं. त्यातलं एकच गाणं सतरा मिनिटांहून मोठं. पहिल्यांदा तुम्हाला वाटलं, फाइल बिघडली असणार. मग कोटीच्या गुजराती गल्लीतून आणलेले हेडफोन लावून तुम्ही ते रात्री एकदा ऐकलंत, लगेच पुन्हा ऐकलंत आणि खाली जेवायला उशिरा गेलात.

खाली अण्णा होते, म्हणजे आजोबा. त्यांनाही इथे भेटून घ्या, कारण तुम्हाला जाऊ देणारे तेच आहेत. त्यांचं बालपण मराठवाड्यातलं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. नोकरीसाठी माणसं राजधानीत यायची तसे ते आले, राज्यं बदलली आणि ते इथेच राहिले. तरुणपणी एकदा पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर बसून पहाटेचा भैरव ऐकल्याचं ते अजून सांगतात. त्यांच्यासमोर तुम्ही एकदा टेबलावर बोटांनी ठोका धरला होता. गाणं होतं ‘द साउंड ऑफ म्युझॅक’, २००२ च्या ‘इन अब्सेन्शिया’ या अल्बममधलं. अण्णांनी पेपर खाली केला, दोन आवर्तनं मोजली आणि म्हणाले, “सात मात्रा आहेत. पण हा रूपक नाही. हा वजन भलत्याच जागी टाकतोय.”

ड्रम वाजवणाऱ्याचं नाव गॅव्हिन हॅरिसन, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. त्याने ‘ऱ्हिदमिक इल्युजन्स’ नावाचं पुस्तकच लिहिलंय, ठोका जिथे आहे तिथे न भासता दुसरीकडे कसा भासवायचा यावर. अण्णांना ते पटलं. रूपकात सम ‘खाली’वर येते, म्हणजे आवर्तन जिथे सुरू व्हायचं तिथे टाळी वाजत नाही, हात नुसता उलटा होतो. हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला हॅरिसन परका वाटायचं कारण नाही. मला तर ठामपणे वाटतं की प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी मराठी घरातला कान आधीच तयार असतो. बडा ख्याल ऐकलेल्या माणसाला सतरा मिनिटं मोठी वाटत नाहीत. स्वर हळूहळू उलगडत जाणार, लय नंतर वाढणार, आणि आपण मध्येच उठायचं नाही, एवढं त्याला लहानपणापासून माहीत असतं.

तर अण्णा म्हणाले, “ऐकायलाच जायचंय ना? मग जा.” आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

रिक्षा बरकतपुऱ्यावरून, काचीगुड्याच्या बाजूने नामपल्लीला जाते. बंद नाही, पण दुकानांची शटरं अर्धी खाली आहेत. दुपारची हुसेनसागर एक्सप्रेस, साधा स्लीपर. विकाराबाद, तांडूर, वाडी. गुलबर्ग्याला अंधार पडतो. सोलापूरला फलाटावर शेंगाचटणीची पाकिटं आणि आजूबाजूला एकदम मराठी. तुमच्या तोंडातलं “हौ” आणि “नक्को” ऐकून समोरचे काका विचारतात, “हैदराबादचे का?” पुण्याला तुम्ही झोपेत असता. पहाटे कल्याणला उतरायचं, धीमी लोकल धरून कांजूरमार्ग, तिथून रिक्षा.

कार्यक्रम पवईत, मूड इंडिगोत आहे. आयआयटी मुंबईचा हा महोत्सव १९७१ पासून चालत आलाय, आणि त्यातली ‘लाइव्हवायर’ ही कॉलेजच्या बँडांची स्पर्धा. देशभरातून आलेली मुलं काळ्या टीशर्टमध्ये वडाच्या झाडांखाली बसलेली दिसतात. गुवाहाटीचा एक जण, बेंगळुरूचे तिघे, कोल्हापूरची एक मुलगी जी सगळी गाणी क्रमाने सांगू शकते. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या गावात हा बँड ऐकणारे आपण एकटेच. इथे तसे हजारो आहेत. आत्ता सभोवार बघून घ्या. पुढे हे सगळं प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर मिळू लागेल आणि असं एकटेपण कुणाला समजावून सांगता येणार नाही.

संध्याकाळ होते. पवई तलावाकडून गारवा येतो.

दिवे जातात. अंधारात माणसं मंचावर येऊन आपापल्या जागी उभी राहतात. मग उजेड, आणि पहिली गोष्ट तुम्हाला दिसते ती विल्सनचे पाय. अनवाणी. तो नेहमीच असा वाजवतो, हे तुम्ही वाचलं होतं. तरी वायरींच्या गुंत्यातून तो अनवाणी चालतो ते पाहताना तुम्हाला नकळत चप्पल काढून बैठकीवर चढणारे गवई आठवतात. चष्मा, लांब केस, शिडशिडीत अंग. बेचाळिशीतला हा माणूस कुठल्याही कॉलेजातला मास्तर वाटावा.

गाण्यांची नावं मी आधी सांगत नाही. पहिल्या दोन स्वरांत तुम्ही ओळखाल. सप्टेंबरात त्यांचा ‘द इन्सिडेंट’ आलाय, पंचावन्न मिनिटांची एकच सलग रचना आणि वर चार गाणी, आणि हा दौरा त्याचाच आहे. एवढं पुरे.

ऐका मात्र नीट. पेन ड्राइव्हमधली फाइल १२८ केबीपीएसची होती. एवढी दाबलेली फाइल पहिल्यांदा झांजेला मारते. झांज वाजल्यावर तिचा आवाज हळूहळू हवेत पसरत जातो, बारीक होतो, ते शेपूट त्या फाइलमध्ये पाणी सांडल्यासारखं फिसकटतं. इतके दिवस तुम्ही हॅरिसनची फिसकटलेली झांज ऐकलीत आणि तीच खरी समजलात. आता तो काठी हलकेच टेकवतो आणि आवाज शेवटपर्यंत जातो. कुठे संपला ते कळत नाही. हजारो माणसांच्या गर्दीत तेवढा क्षण कुणी खोकत नाही.

तुमच्या घशाशी काही येतं ते याच ठिकाणी, मोठ्या गिटारच्या कल्लोळात नव्हे. विल्सन गेली कित्येक वर्षं हेच सांगतोय. संगीत भिंतीच्या रंगासारखं मागे पडून राहू देऊ नका, याच दुःखावर ते ‘म्युझॅक’ गाणं आहे. ‘इन्सर्जेंटिस’ या त्याच्यावरच्या माहितीपटात तो आयपॉड फोडताना दिसतो. आणि तुम्ही त्याचं सगळं काम फुकट आणि फिसकटलेलं ऐकलंत, कारण नल्लकुंट्यात दुसरा रस्ता नव्हता. त्या ऐकण्याची मला लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. पण देणं होतं, हे खरं. रात्रभर स्लीपरमधून येऊन इथे उभं राहणं हा त्याचा पहिला हप्ता समजा.

आता रिचर्ड बार्बिएरीकडे बघा. कीबोर्डमागे जवळजवळ न हलता उभा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात जपान नावाच्या बँडमध्ये असल्यापासून त्याची हीच रीत. बोटांची चपळाई तो दाखवत नाही, तो हवा तयार करतो. तंबोऱ्याचं काम आहे हे. तंबोरा थांबला तरच तो होता हे कळतं. जॉन वेस्ली दुसरी गिटार आणि दुसरा आवाज सांभाळतोय. दौऱ्यांवर तोच जोडीला असतो, म्हणून रेकॉर्डवर विल्सनने रचलेले आवाज इथे दोन गळ्यांतून येतात. आणि बेस गिटारवर कॉलिन एडविन, शांत, जड, खालून सगळं धरून ठेवणारा. त्याचा स्वर कानाच्या आधी छातीत पोचतो. त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघा. का, ते नंतर.

मध्येच एक सात मात्रांचा तुकडा येतो. तुमचा उजवा हात आपोआप मांडीवर पडतो, उलटा होतो, पुन्हा पडतो. शेजारची कोल्हापूरची मुलगी तुमच्या हाताकडे बघते आणि तीही हात उलटा करते. ती तबला शिकलीय, हे तिने सांगायची गरज पडत नाही.

संपतं तेव्हा कान भरून आलेले असतात. पाणी कुठेच मिळत नाही. कांजूरमार्गपर्यंत तुम्ही चालतच जाता, चौघं-पाच जण, फारसं न बोलता.

परतीच्या गाडीत वर्तमानपत्र हातोहात फिरतं. २३ डिसेंबरला दिल्लीहून दुसरं निवेदन येतं, सर्वांशी चर्चा करावी लागेल असं, आणि शहर पुन्हा पेटतं. राज्य व्हायला २ जून २०१४ उजाडेल, पण ते सांगायचं नाही असं आपलं ठरलंय. नल्लकुंट्याच्या गल्लीत पोचता तेव्हा फिव्हर हॉस्पिटलच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या आहेत. अण्णा गॅलरीत आहेत. “कसं झालं?” ते विचारतात. तुम्ही कठड्यावर सात मात्रा धरता. या वेळी वजन कुठे पडतं ते तुम्हाला बरोबर दाखवता येतं, कारण हॅरिसनला हात उचलताना तुम्ही पाहिलंय. अण्णा दोन आवर्तनं ऐकतात, तिसऱ्याला स्वतःचा हात घालतात.

आता ते राहिलेलं सांगतो. १४ ऑक्टोबर २०१० ला पॉर्क्युपाइन ट्री लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवतील, आणि त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं हा बँड कुठल्याही मंचावर दिसणार नाही. २०२२ मध्ये ते नव्या अल्बमसह परत येतील तेव्हा विल्सन असेल, बार्बिएरी असेल, हॅरिसन असेल. कॉलिन एडविन नसेल. पवईत त्या रात्री चौघेही होते.