हिन्नोमच्या खोऱ्यांतील अग्नि

'जहन्नम' हा शब्द आपणांस परका नाहीं. चिडलेला मनुष्य दुसऱ्यास जहन्नमांत जाण्यास सांगतो, तेव्हां आपण पृथ्वीवरील एका खऱ्याखुऱ्या जागेचें नांव घेतलें, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. यरुशलेम शहराच्या दक्षिणेस हिन्नोम नांवाचें एक खोरें आहे. हिब्रू भाषेंत त्यास 'गे-हिन्नोम' म्हणत. त्याचेंच पुढें अरबींत 'जहन्नम' झालें, आणि फारशीच्या वाटेनें तो शब्द आपल्या घरांत आला. ज्या खोऱ्याचें नांव नरकास मिळालें तेथें काय घडत होतें, आणि तें बंद पाडण्यासाठीं इस्राएली धर्मशास्त्रानें काय केलें, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

या खोऱ्यांत तोफेत नांवाचें एक स्थान होतें. तेथें आईबाप पोटचीं मुलें अग्नींत अर्पण करीत, असें यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे. मुलें ज्यास वाहिलीं जात त्याचें नांव कायद्यांत 'मोलख' असें येतें. मोलख हा देव, कीं बळीचा एक प्रकार, याविषयीं पंडितांत वाद आहे. १९३५ सालीं ओटो आइसफेल्ट या जर्मन पंडितानें, कार्थेजकडील लेखांत आढळणाऱ्या तशाच एका शब्दाच्या आधारें, हें देवाचें नसून विधीचें नांव होय असें प्रतिपादिलें. कार्थेज ही फिनिशियन लोकांची आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील वसाहत. तेथें १९२१ सालीं तान्ह्या बालकांच्या जळक्या अस्थींचे कलश उजेडांत आले. तीं मुलें बळी दिलेलीं, कीं आजारानें दगावलेलीं, यावरही अद्याप एकमत झालेलें नाहीं. मला स्वतःस देव कीं विधि हा वाद तितका मोलाचा वाटत नाहीं. कायद्याचें बोट मूल देणाऱ्या माणसाकडे आहे.

तो कायदा लेवीय नामक ग्रंथाच्या १८ व्या आणि २० व्या अध्यायांत सांपडतो. इस्राएली असो वा त्यांच्यांत राहणारा परदेशी असो, जो आपलें मूल मोलखास देईल त्यास देशांतील लोकांनीं दगडमार करून ठार करावें, अशी आज्ञा आहे. प्राचीन काळीं अशा कठोर शिक्षा ठिकठिकाणीं होत्या. त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें त्यापुढील कलमांत. लोकांनीं या कृत्याकडे डोळेझांक केली व अपराध्यास जिवंत सोडलें, तर देव स्वतः त्या माणसावर आणि त्याच्या कुळावर उलटेल, असें तेथें बजावलें आहे. म्हणजे मूल बापाचें असलें तरी त्याचा जीव ही बापाची खाजगी मालमत्ता नव्हे! शाळेच्या आवारांत 'आंब्यास दगड मारूं नयेत' अशी पाटी दिसली कीं, तेथें दगड मारले जात आहेत असें समजावें, हें मी माझ्या विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत असें. जुने कायदेही असेच वाचावे लागतात. डोळेझांक होत नसती, तर तें कलम लिहिण्याची वेळच आली नसती.

आतां एक अवघड प्रश्न. ही चाल परकीयांची, कीं इस्राएली लोकांची स्वतःचीच? शास्त्रकार ती कनानी लोकांच्या माथीं मारतात. शेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा यानें वेढ्यांत सांपडल्यावर आपल्या ज्येष्ठ पुत्रास तटावर होमिलें, अशीही कथा राजांच्या बखरींत आहे. हा मेशा ऐतिहासिक पुरुष खरा. त्याचा शिलालेख १८६८ सालीं सांपडला, मात्र त्यांत या बळीचा उल्लेख नाहीं. परंतु यहूदाचे राजे आहाज आणि मनश्शे यांनींही आपले पुत्र अग्नींतून नेले, असें तीच बखर सांगते. यिर्मया तर देवाच्या तोंडून वदवितो कीं, असलें कांहीं मीं कधीं आज्ञापिलें नाहीं, तें माझ्या मनांतही आलें नाहीं. इतका निक्षून इन्कार केव्हां करावा लागतो? लोक देवाचीच आज्ञा समजून तें करीत असतील तेव्हां. निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायांत प्रथम जन्मलेला पुत्र मला दे, असें एक जुनें वचन आहे, आणि त्यास सुटकेची जोड नाहीं. त्याच ग्रंथांत अन्यत्र पशूचें पहिलें वत्स अर्पावें, पण पुत्र मात्र मोबदला देऊन सोडवावा, असा खुलासा येतो. पुढें गणना ग्रंथांत मोबदल्याचा आंकडाही ठरला : मूल एक महिन्याचें झालें कीं पांच शेकेल रुपें.

अब्राहाम सुरा उचलतो आणि इसहाकाऐवजीं एडका बळी जातो, ती कथाही येथें आठवते. आपल्याकडे यूपास बांधलेला शुनःशेप सुटतो, आणि चिलया बाळ पुन्हा हांक ऐकून येतो; कथा ऐकतांना घरच्या बायकांचे डोळे भरून येतात, तें कशामुळें हें सांगावयास नको. इस्राएलांतही सगळ्याच कथा अशा सुटत नाहींत. इफ्ताहानें नवस केला आणि त्याची कन्या वांचली नाहीं.

मूर्तिपूजेचा निषेध याच कायद्याशीं गुंतलेला आहे. अनुवाद ग्रंथाच्या १२ व्या अध्यायांत, इतर राष्ट्रें आपल्या देवांची सेवा कशी करीत याची चौकशीही करूं नका, कारण तीं मुलेंदेखील जाळतात, असें कारण दिलें आहे. तथापि निषेधाचा आवांका याहून मोठा होता. परक्या देवाची मूर्ति तर नकोच, पण आपल्या देवाचीही नको. मोशेनें केलेला म्हणून मानला गेलेला पितळेचा नाग लोक धूप जाळून पुजूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकला. आपल्याच आद्य गुरूची वस्तु फोडण्यास केवढें धैर्य लागलें असेल! लोक मात्र सहज बधले नाहींत. त्या काळच्या यहूदी वस्त्यांच्या उत्खननांत घरोघरच्या मातीच्या स्त्री-मूर्ति शेंकड्यांनीं मिळाल्या आहेत.

अखेर इ. स. पूर्वीं ६२२ च्या सुमारास, योशीया राजाच्या अठराव्या वर्षीं, मंदिरांत धर्मशास्त्राचें एक पुस्तक सांपडलें. तें ऐकून राजानें आपलीं वस्त्रें फाडलीं. मंदिरांतील अशेरा बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्याकांठीं जाळली, आणि तोफेत असें विटाळून टाकलें कीं, पुन्हा कोणास आपला मुलगा वा मुलगी तेथें नेतां येऊं नये. योशीया इ. स. पूर्वीं ६०९ त मगिद्दोपाशीं मारला गेला, आणि ५८६ च्या सुमारास यरुशलेमही पडलें.

१९७९ सालीं त्याच हिन्नोमच्या खोऱ्याच्या कडेवर एका प्राचीन थडग्यांत रुप्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. गळ्यांत बांधण्याच्या ताइतासारख्या त्या आहेत. सुमारें सव्वीसशें वर्षांपूर्वींचीं तीं अक्षरें अत्यंत सावधपणें उलगडून वाचलीं, तेव्हां त्यांत गणना ग्रंथांतील याजकाच्या आशीर्वादाशीं जुळणारे शब्द निघाले : देव तुझें रक्षण करो.