पाण्याची रेघ डावीकडे का झुकते?

बी.टेक.ला असताना फेज डायग्राम मी चक्क पाठ केले होते. एका बाजूला घन, दुसऱ्या बाजूला द्रव, मधली रेघ म्हणजे वितळण्या-गोठण्याची हद्द. आडवं तापमान, उभा दाब. दाब वाढवला की बहुतेक पदार्थांची रेघ उजवीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे झुकते. पाण्याची डावीकडे. का, हे मी तेव्हा विचारलंच नाही. त्यामागे दोन भावांची गोष्ट आहे.

विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले, ते सादी कार्नोच्या सिद्धांतावर काम करत होते. कार्नोचं म्हणणं असं, की उष्णता गरमाकडून थंडाकडे गेली तरच तिच्यातून काम निघतं. पण पाणी गोठताना फुगतं, आणि फुगताना वजन उचलू शकतं. मग शून्य अंशालाच पाणी गोठवत आणि वितळवत राहिलो तर? तापमानात फरक नाही, तरी काम फुकटात! आम्ही कोडवाले याला एज केस म्हणतो.

मोठा भाऊ जेम्स इंजिनिअर होता. त्याने सिद्धांत मोडीत काढला नाही आणि अडचणीकडे डोळेझाकही केली नाही. तो म्हणाला, वजन उचलायचं तर दाब येणारच. दाबाखाली पाणी शून्याच्या किंचित खाली गोठत असेल, तर तापमानाचा फरक आलाच, फुकटचं काम संपलं. १८४९ मध्ये त्याने आकडाही काढला: एक वातावरण दाब वाढला की गोठणबिंदू सुमारे ०.००७५ अंश सेल्सियसने उतरतो. हे तोवर कुणी मोजलेलं नव्हतं. १८५० मध्ये विल्यमने बर्फ-पाण्यावर दाब देऊन, अतिसंवेदनशील ईथर थर्मामीटरने ते तपासलं. आकडे जवळपास जुळले!

गंमत म्हणजे हा हिशेब ज्या कार्नोच्या मांडणीवर उभा होता, तिच्यात उष्णता कधीच खर्च होत नाही असं गृहीत होतं. ते चूक ठरलं. पण तापमानातला फरक इतका बारीक, की ती चूक उत्तरापर्यंत पोचलीच नाही.

मागच्या आठवड्यात माझी एक टेस्ट फेल झाली. ‘असं कोण करणार आहे?’ म्हणून मी ती बंद करून टाकली होती. हा भाग लिहून झाल्यावर ती परत चालू केली. अजून फेलच आहे. बघतो. भेटू पुढच्या भागात!