मोटारगाडीचे निलंबन आणि वेगवान चालनाचे तंत्र

मोटारगाडीचा साटा व तिची चाके यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक, भुजा, सांधे व रबरी बुश यांच्या समुच्चयाला निलंबन यंत्रणा (सस्पेन्शन) असे म्हणतात. रस्त्यावरील खाचखळग्यांपासून प्रवाशांचे रक्षण करणे हे तिचे सर्वपरिचित कार्य होय. परंतु प्रत्येक टायर रस्त्याला सतत टेकलेला ठेवणे हे तिचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. कारण वेग वाढविणे, तो रोखणे व गाडी वळविणे या तिन्ही क्रिया टायर व रस्ता यांच्यातील तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रांमार्फतच घडतात. या दुसऱ्या कार्याची जाण अभियंत्यांना सावकाश येत गेली. ती येण्यात शर्यतीच्या मैदानाचा व चालकांच्या शिक्षणाचा वाटा मोठा आहे.

आरंभीचा इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट यांनी घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची कमान प्रचारात आणली. पहिल्या मोटारगाड्यांनी हीच कमान स्वीकारली. तिच्यातील पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे तिची हालचाल काही अंशी आपोआप मंदावत असे. घोड्याच्या चालीला हे घर्षण पुरेसे होते. मोटारगाडीच्या वेगाला ते अपुरे पडू लागले. एकदा उसळलेली कमान पुन्हापुन्हा आंदोलत राही आणि चाके रस्ता सोडीत. त्यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये त्रुफो यांनी घर्षणावर चालणारा धक्काशोषक तयार केला व अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी त्याचा प्रसार केला. १९०८ मध्ये मॉरिस हूदाय यांनी द्रवीय धक्काशोषकाचे एकस्व घेतले. यात दाबाखालील तेल अरुंद छिद्रातून ढकलले जाते व आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. १९२७ अखेरीस बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल ए या स्वस्त गाडीलाही असे धक्काशोषक बसविलेले होते. स्प्रिंग भार तोलते व धक्काशोषक स्प्रिंगेला आवरतो, ही कार्यविभागणी तेव्हापासून रूढ झाली.

स्वतंत्र निलंबन : पुढील दोन्ही चाके एकाच ताठ आसावर बसविली असता एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यास पोहोचतो. इटलीतील लान्चिया लाम्ब्दा (१९२२) या गाडीत पुढील चाके परस्परांपासून स्वतंत्र करण्यात आली. १९३३ च्या मर्सिडीज-बेंझ ३८० या गाडीत दुहेरी भुजा व वेटोळ्या स्प्रिंगा वापरल्या गेल्या, तर १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्स्याँ आव्हाँ या गाडीत स्प्रिंगेऐवजी पीळ घेणारे दांडे योजण्यात आले. याच काळात इंग्लंडहून अमेरिकेस गेलेले मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्स कंपनीत प्रयोग करून असे दाखविले, की पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांपेक्षा मऊ ठेवल्यास गाडीचे पुढेमागे डोलणे कमी होते. ताठ आसावर इतक्या मऊ स्प्रिंगा चालत नसत. म्हणून कंपनीने १९३४ च्या गाड्यांत स्वतंत्र निलंबन आणले. पुढे अर्ल मॅक्फर्सन यांनी स्प्रिंग व धक्काशोषक एकाच उभ्या खांबात एकत्र केले. १९५० मध्ये ब्रिटिश फोर्डच्या गाड्यांत आलेली ही रचना आज लहान गाड्यांत सर्वत्र आढळते.

चालनाचे शास्त्र : अमेरिकेतील विल्यम मिलिकन हे अभियंता असून स्वतः शर्यतीत भाग घेत. १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथील पहिल्या शर्यतीत त्यांची बुगाटी गाडी एका वळणावर उलटली व त्या वळणाला त्यांचेच नाव पडले. विमानांच्या स्थैर्याचे गणित मोटारगाडीस लावून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये लंडन येथे आपले निबंध सादर केले. या शास्त्रातील एक निष्कर्ष सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जाणारा एकूण भार हा मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर, वेग व वळणाची त्रिज्या यांवर अवलंबून असतो. स्प्रिंगा कडक केल्याने गाडी कमी कलते. भाराचे हे स्थलांतर मात्र जवळजवळ तेवढेच राहते. पुढील व मागील बाजूंच्या कडकपणाचे प्रमाण बदलल्यास त्याची वाटणी बदलते. ज्या बाजूच्या बाहेरील चाकावर अधिक भार पडतो, ती बाजू आधी घसरू लागते; कारण टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. पुढील चाके आधी घसरल्यास गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते (अंडरस्टिअर) व मागील चाके आधी घसरल्यास ती अधिक वळून गरकन फिरू शकते (ओव्हरस्टिअर).

इंग्लंडमधील लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी याच विचाराने शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडे ताठ व स्प्रिंगा तुलनेने मऊ ठेवल्या. अमेरिकी अभियंता-चालक मार्क डोनोह्यू हे मोठ्या वर्तुळावर गाडी फिरवीत व निलंबनातील प्रत्येक बदलाचा परिणाम मोजून पाहत.

चालकांचे शिक्षण : १९५७ मध्ये जिम रसेल यांनी इंग्लंडमधील स्नेटरटन येथे शर्यतचालनाची शाळा सुरू केली. अमेरिकेतील बॉब बॉन्ड्युरंट यांच्या शाळेमागे एका मोडक्या भागाची कथा आहे. १९६७ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे ताशी सु. २४० किमी. वेगात त्यांच्या गाडीच्या सुकाणूची भुजा तुटली व ते गंभीर जखमी झाले. बरे होत असताना त्यांनी शाळेची आखणी केली व १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियात सुरू झाली. अशा शाळांतील पहिला धडा भाराच्या स्थलांतराचा असतो. ब्रेक दाबल्यास भार पुढे येतो व पुढील टायरांची पकड वाढते. वळणाच्या मध्यावर पाय एकाएकी उचलल्यास मागील चाके हलकी होऊन गाडी फिरते. म्हणून ब्रेक, सुकाणू व वेगवर्धक ही तिन्ही साधने सावकाश व क्रमाने वापरण्यास शिकविले जाते.

झीज व नवीकरण : धक्काशोषकाची झीज हळूहळू होत असल्यामुळे चालक नकळत तिच्याशी जुळवून घेतो. आतील तेल गळते, झडपा सैल होतात, रबरी बुश भेगाळतात. गाडीचा सांगाडा सेकंदास सु. १ ते १·५ वेळा, तर चाक सु. १० ते १२ वेळा आंदोलत असते. दुर्बल धक्काशोषक चाकाचे हे द्रुत आंदोलन रोखू शकत नाही. चाक रस्त्यावर नाचू लागते, टायरच्या पृष्ठावर ठिकठिकाणी खळगे पडतात व ओबडधोबड रस्त्यावर गाडी थांबण्याचे अंतर वाढते. अशा गाडीस नुसत्या कडक स्प्रिंगा बसविल्यास दोष वाढतो. कारण कडक स्प्रिंगेला आवरण्यास अधिक समर्थ धक्काशोषक लागतो. यास्तव टायर, बुश व सांधे यांची तपासणी, त्यानंतर एकाच आसावरील दोन्ही धक्काशोषकांचे एकदम नवीकरण, चाकांच्या कोनांची जुळणी आणि शेवटी आवश्यकता भासल्यास स्प्रिंगा व कलरोधी दांडा यांत बदल, असा क्रम हितावह असतो. नवशिक्याने एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा सुधारणा गाडीची की चालकाची हे कळत नाही.

आधुनिक प्रगती : १९८७ मध्ये लोटस ९९टी या गाडीने संगणकनियंत्रित निलंबनाच्या साहाय्याने मोनॅको येथील फॉर्म्युला वन शर्यत जिंकली. १९९२ मध्ये विल्यम्स एफडब्ल्यू१४बी या गाडीने याच तत्त्वावर विजेतेपद मिळविले. १९९४ पासून शर्यतींत या यंत्रणेवर बंदी आली. तथापि, विद्युत्‌नियंत्रित धक्काशोषक पुढे रस्त्यावरील महागड्या गाड्यांत आले.

भारत : भारतात अँबॅसडर गाडीत पुढे पिळाचे दांडे व मागे पाटे, तर मुंबईत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत पुढे वेटोळ्या स्प्रिंगा व मागे पाटे असत. मद्रासजवळील शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर याच जातीच्या गाड्या फेरफार करून शर्यतीत उतरविल्या जात. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे मॅक्फर्सन खांब घरोघरी पोहोचला. १९६६ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत गाड्यांच्या व त्यांच्या भागांच्या चाचण्या घेतल्या जातात. मात्र विक्रीनंतर झिजत जाणाऱ्या भागांवर लक्ष ठेवण्याचे काम गाडीच्या मालकाकडेच राहते. शर्यतीत वळणावर टायरची पकड किती उरली आहे हा प्रश्न निर्णायक ठरतो. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या साध्या गाडीच्या बाबतीतही तोच प्रश्न प्रवाशांच्या जीविताशी निगडित असतो.