मानसशास्त्राची पदवी : नागपुरातून पुढे कोणत्या वाटेने?

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे, तर नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. मनोरुग्णांची व्यवस्था शहरात विद्यापीठाच्या सुमारे साठ वर्षे आधी झाली. मात्र मानसशास्त्र शिकून प्रतिष्ठेने उपजीविका करता येते, ही गोष्ट येथील मध्यमवर्गीय कुटुंबांना अगदी अलीकडे पटू लागली आहे. एके काळी हा विषय बी.ए.ला मराठी किंवा समाजशास्त्राच्या जोडीला घेतला जाई, नाही तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषय म्हणून त्याची आठवण होई. आता बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही मानसशास्त्राची चौकशी करताना आढळतात. ही उत्सुकता स्वागतार्हच आहे. पण तिच्या पोटी एक गैरसमज दडलेला असतो आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला पाच वर्षांनंतर मोजावी लागते.

हा गैरसमज म्हणजे, एम.ए. मानसशास्त्र झाले की दवाखाना थाटून रुग्ण तपासता येतात. वस्तुस्थिती तशी नाही. मनोविकारतज्ज्ञ हा मुळात एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हा मानसशास्त्रीय चाचण्या व मानसोपचार करतो, पण त्याची पात्रता कायद्याने ठरवून दिलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील चिकित्सा मानसशास्त्राची पात्रता हवी, अथवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर पर्यवेक्षित प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हवे. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे हा गुन्हा असून, त्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. समुपदेशकाची स्थिती यापेक्षा सैल आहे. त्या नावाची पाटी कोणीही लावताना दिसतो, आणि म्हणूनच पालकांनी ती पाटी पाहून मुलांच्या भवितव्याचा अंदाज बांधू नये.

बदललेले नियम

या क्षेत्राची वाट गेल्या काही वर्षांत पुष्कळच बदलली आहे. बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निमहान्समध्ये, १९५५ साली या विषयाचे व्यावसायिक प्रशिक्षण सुरू झाले. पुढे निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था अशा ठिकाणचे एम.फिल. हेच चिकित्सा मानसशास्त्राचे प्रवेशद्वार ठरले. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर एम.फिल. ही पदवीच मोडीत निघाली. चिकित्सा मानसशास्त्रापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने मुदतवाढ दिली, तीही २०२५-२६ या शैक्षणिक वर्षातील प्रवेशांपर्यंतच. दरम्यान पुनर्वसन परिषदेने चिकित्सा मानसशास्त्राचे स्वतंत्र पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आखले आहेत. त्यामुळे वरच्या वर्गातील ताई-दादांनी सांगितलेला मार्ग आजच्या विद्यार्थ्याला लागू पडेलच असे नाही. प्रवेशापूर्वी संबंधित संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे किंवा नाही आणि त्या अभ्यासक्रमानंतर कोणत्या प्रवर्गात नोंदणी मिळते, हे पाहणे अनिवार्य समजावे. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

दुसरा बदल नोकरी करून शिकणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा. दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांत गृहिणी, शिक्षिका, बँक कर्मचारी असत. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्राचा समावेश झाल्यामुळे अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. ज्या कामात माणसासमोर बसून शिकावे लागते, ते टपालाने शिकविणे गैरच होते, असा युक्तिवाद त्यामागे करता येईल. तो बराचसा खराही आहे. परंतु गडचिरोली किंवा भंडाऱ्याच्या गावात राहणाऱ्या विवाहितेसाठी त्यामुळे एकमेव दार बंद झाले, हेही तितकेच खरे.

वर्गात काय शिकवितात?

स्वभाव ओळखण्याची किंवा मन वाचण्याची विद्या शिकायला मिळेल या अपेक्षेने आलेल्यांचा पहिल्याच सत्रात हिरमोड होतो. सामान्य, सामाजिक, विकासात्मक व अपसामान्य मानसशास्त्राबरोबर संख्याशास्त्र शिकावेच लागते, आणि गणिताला कंटाळून कला शाखेत आलेल्यांना ते जड जाते. प्रात्यक्षिकांत आरशातील प्रतिमा पाहून तारा रेखाटण्यासारखे जुने प्रयोग असतात, बुद्धिमापन असते. या बुद्धिमापनाचा मराठी मुलखाशी जवळचा संबंध आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले, आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत या नावाने ती कसोटी आजही देशभर वापरली जाते. इतक्या दशकांपूर्वीच्या मुलांवरून बेतलेल्या प्रमाणकांनी आजचे मूल जोखावे लागते, ही या शास्त्राची आपल्याकडील उणीव होय. वऱ्हाडी बोलणाऱ्या रुग्णाचे दुःख कोणत्या शब्दांत येते, हे इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडत नाही. संशोधनाची आवड असणाऱ्यास येथे भरपूर काम आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. पदवीला मात्र हा विषय प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध नसतो. तेव्हा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी प्रयोगशाळा आहे का, पूर्णवेळ प्राध्यापक किती, याची चौकशी करावी. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्याने तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबायचे की चौथ्या वर्षी ऑनर्स करायचे, हा निर्णयही विद्यार्थ्यालाच घ्यावा लागतो. चिकित्सा किंवा संशोधनाकडे जाणाऱ्याने चौथे वर्ष टाळू नये.

काम कोठे आहे?

गरज विदर्भात आहेच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार होते आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. नागपूरच्या मनोरुग्णालयाची क्षमता ९४० खाटांची. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा गावपातळीवर ऐकून घेणाऱ्या माणसांची वाण किती आहे, हे ठळकपणे समोर आले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ता यांची पदे असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस (१४४१६) या दूरध्वनी सेवेलाही प्रशिक्षित समुपदेशक लागतात. शासकीय योजनांतील नेमणुका बहुधा कंत्राटी असतात, हे मात्र गृहीत धरावे.

रुग्णालयाबाहेरचे क्षेत्र काही लहान नाही. सी.बी.एस.ई. शाळांना समुपदेशक नेमणे बंधनकारक आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या निवड मंडळात मानसशास्त्रज्ञ असतो. नागपूरसारख्या रेल्वेच्या शहराला हे सांगायला नको की, सहायक लोको पायलट आणि स्टेशन मास्तर यांच्या भरतीत अभियोग्यता चाचणी पार करावी लागते. तिची आखणी करणारा मनोतंत्र विभाग लखनौच्या आर.डी.एस.ओ.त आहे. उद्योगांतील मनुष्यबळ विभागांत पदव्युत्तर पदवी पुरते, तेथे पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागत नाही. वस्ती, कुटुंब, पुनर्वसन यांत रस असलेल्याने एम.एस.डब्ल्यू.चाही विचार करावा. मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था नागपुरातच आहे आणि मनोसामाजिक कार्यकर्त्याच्या पदाकडे जाणारा रस्ता समाजकार्याच्या पदवीतूनच निघतो.

खासगी व्यवसायात पहिली काही वर्षे मिळकत अल्प राहते. त्यातच पर्यवेक्षकाकडे नियमित जाण्याचा खर्च आणि वेळ धरावा लागतो. दिवसभर इतरांचे दुःख ऐकण्याचा ताण वेगळाच. म्हणून बारावीनंतरच्या सुटीत एखाद्या पुनर्वसन केंद्रात किंवा विशेष मुलांच्या शाळेत महिनाभर स्वयंसेवक म्हणून काम करून पाहावे. असे काम प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी करता येते आणि त्याला शुल्क पडत नाही.