मधुमेह्याचे ताट : उपाशी ठेवण्यापासून मोजून वाढण्यापर्यंत

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, अशी आपल्या जांब्याकडे समजूत होती. चिखलात भाताची आवणी करणाऱ्याला साखरेचा रोग कुठून व्हायचा? पुढे शेजारी हिंजवडीला कंपन्या आल्या, खाचरे कमी झाली, चालणे कमी झाले. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. आता घरात कोणाला हा रोग निघाला की भात बंद, गोड बंद, रात्री अर्धपोटी, असा कारभार सुरू होतो. ही उपाशी ठेवण्याची रीत जगात पूर्वी खरोखरच होती आणि ती सोडूनही दिली गेली. त्याची हकीकत मी वाचली, ती सांगते.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग ठाऊक होता. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे त्यांनी पाहिले होते. चरकाने जवाचे पदार्थ सांगितले. सुश्रुताने तर गरीब रोग्याला शंभर योजने पायी चालायला, नाहीतर विहीर खणायला लावले आणि धनवानाला सावा खाऊन रानात हरणांच्या सोबत राहायला सांगितले! हसू येते खरे, पण कमी खाणे आणि अंग मोडून काम, ही दोन्ही सूत्रे त्यात आहेत.

पॅरिस शहराला १८७०-७१ साली वेढा पडला आणि अन्नाची टंचाई झाली. तेव्हा बुशार्दा नावाच्या डॉक्टरांना दिसले की उपासमारीत मधुमेह्यांच्या लघवीतील साखर कमी होते. पुढे अमेरिकेत डॉ. अ‍ॅलन यांनी उपास हाच उपचार केला. एलिझाबेथ ह्यूजेस ही मंत्र्याची मुलगी. १९१९ साली, अकराव्या वर्षी तिला हा रोग झाला. तिला कधीकधी दिवसाला चारशेच्या आसपास उष्मांक, म्हणजे कॅलरी, एवढेच अन्न मिळे. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती कॅनडात डॉ. बँटिंग यांच्याकडे पोचली, तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या पोरीचे वजन वीस किलो होते. आईने रोज लेकीचा घास तोलायचा आणि ती झिजताना पाहायची! आदल्या वर्षी बँटिंग व बेस्ट यांनी टोरांटोत इन्सुलिन शोधले होते. ते टोचू लागल्यावर तिला दोन हजारांवर उष्मांकांचे जेवण मिळू लागले. ती १९८१ पर्यंत जगली.

तिचा रोग लहानपणीचा, इन्सुलिनवाचून न जगण्याचा; आपल्याकडे बहुतेकांचा मोठेपणी होणारा. पण इन्सुलिन आल्यावर दोघांच्याही पथ्याची दिशा बदलली. उपाशी ठेवायचे नाही, मोजून वाढायचे. १९५० साली अमेरिकेत बदलीच्या याद्या निघाल्या : एका पदार्थाऐवजी तेवढ्याच किमतीचा दुसरा घ्यावा. आपल्या देशात कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून एक्रॉइड साहेबांनी १९३७ सालीच हिंदी अन्नपदार्थांचे कोष्टक छापले होते. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली.

नंतरच्या कोष्टकातले आकडे पाहून मी चकित झाले. शंभर ग्रॅम तांदळात ३४५ उष्मांक, गव्हाच्या पिठात ३४१, ज्वारीत ३४९ आणि बाजरीत ३६१! म्हणजे भात सोडून चार भाकऱ्या खाल्ल्या तर काय साधले? भाकरीत कोंडा असतो, पोट लवकर भरते, साखर सावकाश चढते, हा तिचा गुण खरा; पण माप तिलाही लागतेच.

समजा, डॉक्टरांनी १५०० उष्मांक ठरवून दिले. मग न्याहारी धरून दिवसाचे धान्य कच्चे १७५ ग्रॅम, डाळ-उसळ ६० ग्रॅम, दूध-दही मिळून ४०० मिलिलिटर, तेल चार लहान चमचे, भाज्या ४०० ग्रॅम, एक लहान फळ आणि मूठभर नव्हे, चिमूटभर शेंगदाणे, एवढे बसते. आंबेमोहोराचा भातही थोडा मावतो. तेल मात्र फसवे : एका लहान चमच्यात ४५ उष्मांक. साबुदाण्याची खिचडी तर एकादशी दुप्पट खाशीच. आणि ज्याला गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे, त्याने डॉक्टरांना न विचारता उपास धरू नये. साखर एकदम खाली जाते.

आपल्या पुणे जिल्ह्यात याचा आणखी मागचा धागा सापडला. १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गावांतील गरोदर बायांचा आहार आणि पुढे त्यांची बाळे तपासली. इथले बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातले ३.५ किलोचे. आपले बाळ दिसायला किरकोळ, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. आणि अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे जरा भरलेली निघाली. माठ, चवळी, अंबाडी आपल्या परसात येते. पुरुषांचे वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनेच्या ताटात त्यातली किती उरते, तेवढे आज आपापल्या घरी पाहावे.